आठ फुटाचं दार, चार फुटाची वाट

आमच्या बाल्कनीच्या स्लायडिंग दाराला एक टेक्निक होतं. निम्म्यापर्यंत ते नीट सरकायचं, मग अडायचं, मग त्याला जरा वर उचलून कंबरेने धक्का द्यायचा आणि वरच्या पट्टीवर एक थाप मारायची. हे फक्त घरच्यांना माहीत, त्यामुळे पाहुणे बाल्कनीत गेले की परत आत येण्यासाठी काच वाजवत उभे. नवरा याला सिक्युरिटी फीचर म्हणायचा. पण गेल्या जुलैत ठाण्याच्या येऊरच्या डोंगराकडून असा आडवा पाऊस आला की ट्रॅकमधलं पाणी हॉलमध्ये, हॉलमधलं सासूबाईंच्या खोलीत, आणि तिथून त्यांच्या जमिनीवर घातलेल्या गादीखाली. झालं, नवीन दार घ्यायचं ठरलं. सासूबाईंचं मत होतं की गादी वाळते, दार कशाला बदलायचं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

पहिला आला फॅब्रिकेटर, म्हणजे अॅल्युमिनियमची दारं बनवणारा. त्याने खाली वाकून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला असलेली भोकं दाखवली, म्हणजे भोकं जिथे असायला हवीत ती जागा दाखवली. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये येणारच, ते त्या भोकांतून परत बाहेर जायचं असतं. आमच्या बिल्डिंगच्या रंगाऱ्यांनी ती पुट्टी भरून इतकी सफाईने बुजवली होती की कौतुकच करावं. मग म्हटलं भोकं मोकळी केली की झालं ना? तर तो पट्टीवर टिचकी मारून म्हणाला, "मॅडम, सेक्शनच पातळ आहे हो, हे दार नाय, पत्रा आहे." सेक्शन म्हणजे चौकटीची अॅल्युमिनियमची पट्टी. आणि 27 एमएमच्या सेक्शनचा भाव सांगून गेला.

मग यूपीव्हीसीवाले, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या दारांचे. यांच्याकडे एक बॅग असते आणि बॅगेत दाराचा कापलेला कोपरा असतो. तो आपल्या हातात देतात आणि आपल्याला काहीतरी समजेल अशा आशेने बघत राहतात. आत कप्पे कप्पे, मधे लोखंडी पट्टी, कोपरे स्क्रूने नाही तर वितळवून जोडलेले. "अॅल्युमिनियम तापतं मॅडम, तुमची बाल्कनी वेस्ट फेसिंग." पटलं. त्यानंतर महागातलं सिस्टिम अॅल्युमिनियमवाला आला, त्यानेही कोपरा काढला आणि म्हणाला की प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं. तेही पटलं. माझा हा मोठा प्रॉब्लेम आहे, मला समोर बसून बोलणाऱ्या माणसाचं पटतं.

काचेचं प्रकरण वेगळंच. मला वाटायचं काच म्हणजे काच. तर तापवून कडक केलेली टफन, मधे प्लॅस्टिकचा थर घालून दोन काचा चिकटवलेली लॅमिनेटेड, आणि मधे हवा सोडून दोन काचा जोडलेली डीजीयू. टफन काच फुटली तर तिचे बारीक बोथट तुकडे होतात, सुरे होत नाहीत, म्हणून दाराला तीच घ्यायची. पण एकदा टफन केली की मग ती कापता येत नाही, म्हणजे मापात अर्धा इंच चुकलं की अख्खी काच नवीन. नवऱ्याला डीजीयू हवी होती कारण रात्रभर घोडबंदर रोडवरून ट्रेलर जातात आणि वर मेट्रोचं काम. मी हिशोब केला. काचेचं वजन एका एमएमला एका चौरस मीटरमागे अडीच किलो, आमचा एकेक पल्ला साधारण अडीच चौरस मीटरचा, म्हणजे 6 एमएमची एक काच 37 किलोच्या पुढे आणि डीजीयू केली तर 75. नवऱ्याचं वजन 74. म्हटलं रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला मी तुला ढकलत बाहेर जायचं का? शिवाय आवाज अडवायला लॅमिनेटेड जास्त बरी, आणि कुठलीही काच लावा, स्लायडिंगला कडेने ब्रशच्या पट्ट्या असतात, फट राहतेच आणि ट्रेलरला तेवढी फट पुरते. हे मला त्याच माणसाने सांगितलं जो दहा मिनिटं आधी डीजीयू विकत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण दार निवडतच नसतो, आपण शत्रू निवडत असतो. पाऊस, डास, आवाज, ऊन आणि कबुतरं, येऊरचा बिबट्या तेवढा सोडला तर सगळे आत यायला टपलेले, आणि एक दार सगळ्यांना पुरून उरत नाही. पाऊस अडवायचा तर खालचा ट्रॅक उंच हवा. सासूबाईंच्या गुडघ्यांना ट्रॅक जमिनीला लागून हवा. जमिनीला लागून घेतला की पुढच्या जुलैत पाणी परत गादीखाली. डासांसाठी जाळी हवी तर तिसरा ट्रॅक, मग खालची पट्टी अजून रुंद, म्हणजे ओलांडायला अजून लांब पाऊल.

आणि सगळ्यात भारी गोष्ट तर कोणी सांगतच नाही. दोन काचांचे पल्ले आणि एक जाळीचा, असं थ्री ट्रॅक घेतलं की आठ फुटाचं दार कसंही सरकवा, वाट चारच फुटाची. उरलेले चार फूट फक्त पैसे देण्यासाठी.

पैशांचंही सांगते. आमचं माप 7 फूट 10 इंच बाय 6 फूट 9 इंच. टेपवर सगळ्यांनी बघितलं. कोटेशनमध्ये मात्र 8 बाय 7, म्हणजे 56 स्क्वेअर फूट. मी म्हटलं हे तर 53 पण भरत नाही. कोटेशनवाला म्हणाला, "राउंड अप असतं मॅडम." स्क्वेअर फुटाला 850 रुपये, म्हणजे अडीच हजारांच्या वर आम्ही निव्वळ हवेचे दिले, आणि त्या हवेवर 18 टक्के जीएसटी.

शोरूममध्ये सासूबाईंना मुद्दाम नेलं होतं. त्यांनी एकेक डेमो दार करंगळीने सरकवून बघितलं. सगळीच लोण्यासारखी सरकली. न सरकायला काय झालं, डेमोचं दार तीन फुटाचं, एसीत ठेवलेलं, ट्रॅकमध्ये ना धूळ ना कबुतराचं पीस. दार बघायचं तर चार पावसाळे खाल्लेलं बघावं, दुकानदाराला अशा एखाद्या गिऱ्हाइकाचा पत्ता मागावा. आम्ही मागितला तर तो म्हणाला नंतर व्हॉट्सॲप करतो. अजून करतोय.

शेवटी आवाज आणि ऊन हे दोन शत्रू सोडून दिले. यूपीव्हीसी, थ्री ट्रॅक, 6 एमएम टफन, कोपऱ्यात टफनचा शिक्का आहे की नाही ते मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. रंगासाठी सोसायटीची एनओसी, बाहेरून ब्राऊनच दिसला पाहिजे म्हणे. बाहेर जाऊन बिल्डिंगकडे बघितलं तर कॉफीपासून विटकरीपर्यंत सगळे ब्राऊन आधीच हजर होते, आमचा त्यात खपून गेला.

फिटिंगवाल्यांनी जुनं दार पॅसेजमध्ये टेकवून ठेवलं. भंगारवाला आला, काच नको म्हणाला, अॅल्युमिनियम किलोवर घेतो. चौकट उचलून बघितली, बोटाच्या पेराने वाजवली, आणि काटा लावता लावता म्हणाला, "माल भारी था मॅडम. अब ऐसा सेक्शन कहाँ आता है. निकाला क्यूं?"

आतून सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "तिलाच विचार बाबा."