घडीवाल्या ग्रुपवर एवढी सामसूम कावून?

मंडळी, जुन्या घड्यांच्या जेवढ्या ग्रुपमध्ये मी आहे तेवढ्यांची सध्या एकच गत आहे. मेंबर हजारांनी आणि बोलणारे बोटावर मोजण्याइतके. सकाळी कोणीतरी मनगटाचा फोटो टाकतो, खाली चार अंगठे आणि एक "जबरदस्त भाऊ", दुपारून विकणाऱ्यांच्या पोस्टी, "किंमत इनबॉक्समध्ये", आणि रात्री अॅडमिन विचारतो की ग्रुप एवढा थंडा कावून पडला, तर त्या बिचाऱ्याला पण कोणी उत्तर देत नाही.

कारण विचारलं की लोक पाठ केल्यासारखं सांगतात. रील आले, स्मार्टवॉच आले, आजकालच्या पोट्ट्यांना चावीच्या घडीत इंटरेस्ट नाही. मला हे अर्धंच पटते. रील पाहणारा तोच माणूस क्रिकेटच्या ग्रुपवर जाऊन भांडते ना. शेतीच्या ग्रुपवर धानावर तुडतुडा दिसला की रात्री अकरा वाजता बॅटरी मारून फोटो टाकते आणि झोपायच्या आत दहा जणं औषध सांगून मोकळे होतात, वरून दोघं एकमेकाच्या औषधावरून भांडतात ते वेगळंच. तिथं बोलायला काही विकत घ्यावं लागत नाही, अडचण असली की झालं. आपल्या घडीच्या ग्रुपवर मात्र बोलायचं म्हणजे नवीन घडी घ्यावी लागते असं आपणच करून ठेवलं आहे. पुण्या-बंगळूरचा पगारवाला महिन्याला एक सेको नाहीतर सिटिझन घेऊन टाकू शकतो, त्याच्याजवळ दर महिन्याला बातमी आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही नाहीतर नागभीडच्या पोट्ट्याकडे आजोबाची एचएमटीची एक कोहिनूर आणि स्वतःची एक कॅसिओ, त्याच्या दोन पोस्टी झाल्या की त्याचं बोलणं संपलं. तो ग्रुप सोडत नाही, फक्त पाहत राहतो. असे पाहत राहणारेच आता नव्वद टक्के झाले असतील, हा माझा अंदाज आहे, कोणी मोजलं नाही.

सुरुवातीला असं नव्हतं बरं का. आठवा, हे ग्रुप भरले कधी. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस ही आपली घडीची कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं. म्हणजे घडी बंद पडली आणि नेट गावात पोचलं, दोन्ही एकाच वर्षी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनला सोबत घेऊन बंगळूरला सुरू झालेला कारखाना, तीन पिढ्यांच्या मनगटावर बसलेला, तो बंद झाला म्हटल्यावर लोकांनी आलमारीतल्या, टिनाच्या पेटीतल्या घड्या बाहेर काढल्या आणि हातात नुकताच स्वस्त नेटवाला मोबाईल आलेलाच होता. जनता, पायलट, सोना, रजत, कांचन, बायकांची सुजाता, एचएमटीचे सगळे मॉडेल बाहेर आले. आणि पोस्टी कशा असायच्या, "बाबाची घडी आहे, चावी फिरते पण काटे हलत नाही, काय झालं असेल?" त्याच्या खाली तीस-चाळीस कमेंटा. कोणी म्हणे तेल वाळलं, कोणी म्हणे कमानी सुटली, एखादा खरा घडीसाज त्यात असला तर तो दोन ओळीत सगळ्यांना गप्प करे. टायटनवर भांडणं व्हायची. १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारची टिडको यांनी मिळून टायटन काढली आणि सेलच्या (क्वार्ट्झ) घडीवर जोर दिला, त्यानं एचएमटी बुडाली की एचएमटी आपल्या सरकारी चालीनंच बुडाली, यावर रात्र रात्र वाद. कोणाच्या खिशातून एक रुपया जात नव्हता.

मागे एकदा मी एका शांत पडलेल्या ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं की आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, थोड्याशा जमिनीचा शेतकरी माणूस, १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या बांधीत पटेल ३ जातीच्या धानात काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या, त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्ष वाढवलं, आणि त्या बारीक तांदळाला नाव पडलं एचएमटी, कारण तेव्हा ती घडी सगळ्यांच्या तोंडी होती. दादाजी २०१८ मध्ये गेले. आज अर्धा विदर्भ एचएमटी खातो आणि त्यातल्या कित्येकांना माहीतच नाही की हे नाव मनगटावरून ताटात आलं. तर या पोस्टवर असे लोक बोलले जे कधीच बोलत नव्हते. गोंदियाचे, भंडाऱ्याचे, गडचिरोलीचे. एकानं सांगितलं आमच्याकडे लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घडी लागेच, घडी नाही म्हणून वरात अडली होती. एका ताईनं आईच्या सुजाताचा फोटो टाकला, पट्टा नाही, काच तडकलेली. त्या ग्रुपवर बाईमाणसाची ती मला दिसलेली पहिलीच पोस्ट. लोकांजवळ बोलायला आहे हो. आपण विचारत नाही.

आणि जे बोलतात त्यांच्याशी आपण कसं वागतो ते पण पाहा. कोणी नवा मेंबर मोठ्या हौसेनं वडिलांची पायलट टाकतो आणि पहिलीच कमेंट येते, "रीडायल आहे, कचरा." संपला विषय, तो माणूस परत येत नाही. आता रीडायल म्हणजे काय हे जुन्या लोकांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. जुनी डायल डागळली की ती घासून नव्यानं रंगवायची आणि त्यावर नाव, आकडे परत छापायचे. अशा रंगवलेल्या घड्यांचा मोठा धंदा आहे, लाल, नारंगी, पोपटी असल्या डायल कंपनीनं बापजन्मात काढल्या नसतील, आणि त्या "ओरिजनल रेअर" म्हणून विकणारे चोर आहेत, त्यांना शिव्या घालाच. ओळखायला पण शिकवा: छपाई जाड आणि पसरलेली असते, मिनिटाच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नाहीत, नावाची अक्षरं वाकडी बसतात. पण आमच्याकडच्या घडीचं वेगळं आहे. रोवण्याच्या दिवसात चिखलात हात, उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४५ च्या वर, घाम आत जाऊन डायल काळी पडायचीच, मग घडीसाजाकडून ती रंगवून घ्यायचे, भिंतीला चुना मारून घ्यावा तसं. त्या माणसानं ती विकायला रंगवली नव्हती, वेळ पाहायला रंगवली होती. त्याच्या पोराला कचरा म्हणून तुम्हाला काय भेटलं? "डायल नंतर रंगवलेली दिसते दादा, मशीन खोलून पाहिली का, आतली ओरिजनल असेल" एवढं लिहिलं असतं तर तो पोट्टा घडी घेऊन घडीसाजाकडे गेला असता आणि आठ दिवसांनी आतला फोटो टाकला असता. एक पोस्ट वाढली असती की नाही?

महागड्या घड्यांच्या ग्रुपचं मला फार माहीत नाही, पण तिथंही असंच काहीसं झालं असं वाटते. २०२१ मध्ये आणि २०२२ च्या सुरुवातीला जुन्या बाजारात रोलेक्स वगैरेंचे भाव आकाशाला भिडले, सगळे शेअरवाल्यासारखे बोलायला लागले, भाव पडले आणि ते लोक गायब. ज्याला घडीत रसच नव्हता तो गेला त्याचं दुःख नाही.

व्हॉट्सअॅपनं मात्र खरं नुकसान केलं. चांगले जाणकार लोक फेसबुकवरच्या कटकटीला कंटाळून पन्नास-शंभर जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये गेले. तिथं कोणीतरी एचएमटीच्या चावीच्या घडीत बसणाऱ्या ०२३१ नंबरच्या मशीनचा एकेक पार्ट फोटोसकट समजावून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ते गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली गाडलं जाते. सहा महिन्यांनी तोच प्रश्न नव्यानं येतो, तो जाणकार दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही, आणि आपण म्हणतो लोक आता पहिल्यासारखे मदत करत नाहीत. असं चांगलं उत्तर दिसलं तर त्याला विचारून ते फेसबुक ग्रुपच्या फाईलमध्ये टाकून ठेवायला अॅडमिनला पाच मिनिटं लागतात.

आता करायचं काय. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यानं यावर्षी एकही घडी घेतली नाही त्याला बोलायला काम द्या. उदाहरणार्थ चालीचा हिशोब. ०२३१ मशीन तासाला १८,००० ठोके देते, सेकंदाला पाच, दिवसाचे ४ लाख ३२ हजार. जुनी घडी दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे झाली तर लोक नाक मुरडतात, पण दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात ३० म्हणजे हजारात एक सुद्धा नाही, आणि ते पण चाळीस वर्ष जुन्या मशीनचं. तर रोज सकाळी मोबाईलच्या वेळेशी जुळवा आणि लिहून ठेवा. एक रात्र घडी उताणी ठेवा, एक रात्र चावी खाली करून उभी ठेवा, फरक येतो, आणि तो फरक पाहून जाणता माणूस सांगू शकतो की तेल-पाण्याची गरज आहे का. अचानक घडी मिनिटामिनिटानं पुढे पळायला लागली तर आधी शाळेतल्या होकायंत्राजवळ न्या. सुई डोलली तर घडीत चुंबक शिरलं, बालकमानीचे (चाल सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेटोळे एकमेकाला चिकटले असू शकतात, आणि ते काढायचं मशीन काही महाग नाही. मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरजवळ रात्रभर घडी ठेवणाऱ्यांनी तर हे आजच करून पाहावं. यात खर्च शून्य आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणजे बोलणं आलंच.

दुसरं, आपापल्या गावचा घडीसाज. आमच्या इकडे बसस्टँडजवळ एक म्हातारे काका बसतात, त्यांच्या पोरानं बाजूलाच मोबाईल रिपेअरिंग टाकलं. काका म्हणतात, "आता सेल बदलाले येतेत लोकं, चावीची घडी महिन्यातून एखादी येते गा. आधी घडी कानाले लावाची, मंग खोलाची, आजकालचे पोट्टे आधीच खोलतेत." या माणसाला कानानं जे कळते ते कोणत्या व्हिडिओत नाही. आणि हे काका काही कायम बसणार नाहीत. प्रत्येक तालुक्यातल्या एकानं आपल्या घडीसाजाला विचारून, त्याची परवानगी घेऊन, त्याची हत्यारं, त्याचे पार्टचे डबे, त्याचे शब्द टिपून टाकले तरी वर्षभर ग्रुपला पुरेल. पैसे न देता तासभर त्याचा धंदा अडवू नका मात्र, एखादी घडी सर्व्हिसिंगला देऊन बोला.

अॅडमिन लोकांना दोन विनंत्या. "किंमत इनबॉक्स" बंद करा, किंमत उघडी लिहायची नसेल तर पोस्ट नको, आणि विक्रीला आठवड्याचा एकच दिवस ठेवा, आपला आठवडी बाजार असतो तसा. आणि नव्या माणसाची पहिली पोस्ट बिनउत्तराची राहणार नाही हे बघा. पाच-सहा जणांनी पाळी लावून घेतली तरी भागते, उत्तर माहीत नसलं तर निदान "आतला फोटो टाका ना भाऊ" एवढं तरी. (सध्या चुरणे, म्हणजे धानाची मळणी, सुरू आहेत, वडशाकडचे अर्धे लोक रात्री झाडीपट्टीच्या नाटकाला जातात, त्यामुळे काही दिवस उत्तर उशिरा येईल ते समजून घ्या, त्याला मंदी म्हणू नका.)

काही जण म्हणतील हे सगळं करून पण लोक येणार नाहीत. नाही आले तर नाही आले. हजारो मेंबरांचा मला मोह नाही, पन्नास जण एकमेकाला नावानं ओळखून भांडत असले तरी मी त्याला चालू ग्रुप म्हणीन.

माझ्याकडून सुरुवात म्हणून या रविवारी आमच्या कोहिनूरचा आठवड्याचा हिशोब टाकतो, उताणी आणि उभी दोन्ही. तुमचे आकडे खाली टाका, घडी कोणती, शेवटची सर्व्हिसिंग कधी, एवढं सोबत लिहा. आणि हो, ब्रह्मपुरीच्या एका दादाला पायलटसाठी बॅलन्स स्टाफ (बॅलन्स चाकाचा बारीक आस) पाहिजे, घडी पडली आणि टोक तुटलं. कोणाकडे भंगारातलं ०२३१ मशीन पडलं असेल तर इथंच सांगा, किंमतीसकट.