‘एनएलयू नाही तर वकिली नाही’ म्हणणाऱ्यांना नाशिकच्या कोर्टातून उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मजकूर मला नाशिकच्या पालकांच्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवरून आला. त्याचा सारांश असा: ‘बारावीनंतर लॉ करायचं तर क्लॅट देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात, म्हणजे एनएलयूतच. ती डिग्री मिळाली की आयुष्य सेट. कर्ज काढावं लागलं तरी काढा, दोन वर्षांत फिटतं. गावातल्या कॉलेजातून एलएलबी केलेला जन्मभर झाडाखाली नोटरी करत बसतो. जज व्हायचं तरी कॉलेजचं नावच बघतात.’

परवा सिडकोतले एक गृहस्थ हाच मजकूर मोबाइलवर उघडून माझ्या ऑफिसात आले. सोबत मुलगी. क्लॅटमध्ये, म्हणजे एनएलयूच्या प्रवेश परीक्षेत, तिचा नंबर मागे राहिला होता, म्हणून लॉचा नाद सोडावा का, हे विचारायला आले होते. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवरच्या वहीत संविधानातली मूलभूत हक्कांची कलमं तिने स्वतःच्या अक्षरात उतरवलेली होती, समासात शंका लिहिलेल्या. त्या वहीसाठी मी हे लिहिते आहे. मी स्वतः नाशिकच्या कॉलेजातून तीन वर्षांचं एलएलबी केलं आणि बावीस वर्षं इथे दिवाणी आणि महसुली कामं चालवते.

आधी त्या मजकुरात खरं काय आहे ते सांगते. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्म थेट एनएलयूच्या कॅम्पसवर जातात आणि तिथल्या निवडक मुलांना पहिल्याच नोकरीत घसघशीत पगार देतात. ते दार नाशिकच्या मुलाला पहिल्या दिवशी सहजासहजी उघडत नाही. शिवाय ती विद्यापीठं चांगलीच आहेत. १९८८ साली बंगळुरूला पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बसली, तिथून देशातलं कायद्याचं शिक्षण बदललं. आज महाराष्ट्रातच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. ज्याला प्रवेश मिळतोय आणि झेपतोय, त्याने आनंदाने जावं.

पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना? ती अ‍ॅडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली मिळते आणि सगळ्यांना एकच मिळते. सगळ्यांना ऑल इंडिया बार एक्झामिनेशनही एकच. वकीलपत्रावर कॉलेजच्या नावाचा रकाना नसतो.

‘झाडाखाली नोटरी’ हे वाक्य मला सगळ्यात लागलं. लिहिणाऱ्याला नोटरी म्हणजे काय हेच माहीत नाही. कागदपत्रं साक्षांकित करणाऱ्या नोटरीची नेमणूक सरकार करतं आणि त्यासाठी किमान दहा वर्षांची वकिली लागते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गाच्या उमेदवारांना सात. वकिली न जमलेल्याने वळायची ती पळवाट नव्हे.

जज होण्याचं म्हणाल तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा महाराष्ट्रात एमपीएससी घेते. त्यात कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. उलट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे कोर्टात उभं राहणं आलंच, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणीही होतं. सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे. सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले अभय ओक यांनी सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केली. ही उदाहरणं मी जपून देते, कारण त्या पिढीच्या वेळी एनएलयू नव्हत्याच. त्यावरून एनएलयूची मुलं कमी ठरत नाहीत. एवढंच ठरतं की वर जाणारी वाट जिल्ह्यातूनही निघते.

आता ‘आयुष्य सेट’. आमच्या कामात आयुष्य कशावर सेट होतं, ते एका दाव्यावरून सांगते. सिन्नरकडच्या एका बाईंनी वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला. सातबाऱ्यावर नाव फक्त थोरल्या चुलत्याच्या घरच्यांचं. ते म्हणत, जमीन आमच्या बापाची एकट्याची. माझी ज्युनिअर निफाडची, शेतकऱ्याची मुलगी, इथल्याच कॉलेजची. ती तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस बसली आणि आजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारसाच्या फेरफाराची, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीची, नक्कल घेऊन आली. कागद पिवळा पडलेला, शाई फिकी. चुलत्याच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्या भावांची, नाव थोरल्याचं कारभारी म्हणून. पुढे नव्या वहीत उतारा करताना ती अक्षरं गळली आणि त्यांच्यासोबत एका भावाचं अख्खं घर जमिनीतून गळलं.

त्याच उन्हाळ्यात एका एनएलयूचा मुलगा माझ्याकडे इंटर्नशिपला होता. ‘ए.कु.मॅ.’ त्याला वाचता आलं नाही, पण पुढचं काम त्याने केलं. बाईंचं लग्न १९८९ चं, त्यामुळे मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क देणाऱ्या राज्याच्या १९९४ च्या दुरुस्तीत त्या बसत नव्हत्या; ती आधीच लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती. वडील २००१ साली वारलेले, म्हणून हाच हक्क देशभर देणाऱ्या २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीतही अडचण सांगितली जायची. वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने ती अडचण कशी दूर झाली, याचं चार पानी टिपण त्याने एका रात्रीत माझ्या टेबलावर ठेवलं. सुरेख टिपण होतं. महिन्याभरात तो फेरफारही वाचायला शिकला, आणि माझी ज्युनिअर त्याच्याकडून निकाल शोधायला. बाईंना दोघांचीही गरज होती. उलटतपास मात्र मराठीत झाला. १९९८ पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि क्लॅट फक्त इंग्रजीत होते. सिन्नरचा साक्षीदार ‘बांध रेटला’, म्हणजे शेताची हद्द सरकवली, म्हणतो, तेव्हा पुढचा प्रश्न काय विचारायचा हे क्लॅटच्या रँकवरून कळत नाही.

कर्जाचा सल्ला तर धोक्याचा आहे. एनएलयूत पाच वर्षांचा खर्च राहण्याजेवणासकट दहा लाखांच्या पुढे सहज जातो, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट. मोठ्या फर्मची नोकरी प्रत्येकाला लागत नाही. ज्याला मनापासून कोर्टात उभं राहायचंय त्याच्या डोक्यावर हप्ता असेल, तर त्याला मनाविरुद्ध नोकरी धरावी लागते. कारण ज्युनिअरला सुरुवातीला मिळतं तरी किती? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. आपल्याकडे कित्येक ज्युनिअर पेट्रोल सुटेल एवढ्यावर राबतात. गरीब घरातली हुशार मुलं वकिली सोडतात ती इथे, या पहिल्या चार-पाच वर्षांत. ग्रुपवर काही फिरवायचंच असेल तर हे फिरवा. आम्ही सिनिअर यात दोषी आहोत.

स्थानिक कॉलेजांची बाजू मी डोळे झाकून घेणार नाही. माझ्या कॉलेजात मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा लुटुपुटीचा खटला, नावापुरतं होतं आणि अर्धा वर्ग गाईडवर पास झाला. माझं नुकसान वाचलं ते एका सरांमुळे. ते म्हणायचे, गाईड घरी ठेवा, बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, घेऊन या. इथे शिकणाऱ्या मुलाला ती शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते. पहिल्या वर्षापासून कोणाच्या तरी ऑफिसात बसावं लागतं, निकाल मुळातून इंग्रजीत वाचावे लागतात.

सिडकोतल्या त्या मुलीला मी राज्याच्या लॉ सीईटीचा अर्ज भरायला सांगितलं आहे, आणि सुट्टीत ऑफिसात यायला. वडिलांची खात्री अजून पटलेली नाही. त्यांना आणि तो मजकूर पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: एखाद्या कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात या आणि मुलांनाही आणा. एखाद्या दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐका. आपली कोर्टं खुली असतात, बसायला पास लागत नाही. फक्त मोबाइल बंद ठेवा.