रेडिएटर नवा, तरी काटा वर? थर्मोस्टॅट फेकण्याआधी हे तपासा

"रेडिएटर किंवा पाण्याचा पंप बदलूनही गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून फेका, तो थंड देशांसाठी असतो. आपल्याकडे साधं पाणी चालतं. पंखा डायरेक्ट करा. तरीही तापमानाचा काटा वर गेला तर हेड पॅकिंग (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं समजा." उन्हाळा लागला की हा सल्ला फोनाफोनी फिरू लागतो. तो पाळला तर खर्च वाढतो आणि खरा दोष तसाच राहतो. नुकतीच दुरुस्ती झाली असेल तर पहिला संशय आत कोंडलेल्या हवेवर घ्यायला हवा, आणि नेमकी तीच या सल्ल्यात नाही.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप. त्यातलं मेण साधारण 82 ते 88 अंशांना वितळून फुगतं आणि झडप उघडते. मे महिन्यात चंद्रपूरला बाहेर 46 अंश असले, तरी तिथून इंजिनाला आणखी चाळीसएक अंश चढायचे असतात. तेव्हा थंड देशाचा मुद्दाच नाही. झडप काढली की इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत झडप उघडताना तिची खालची चकती बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं) भोक बंद करते. चकतीच नसली की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं, आणि कसाऱ्याच्या चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

शंका असेल तर पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला हवी आणि पाणी उकळेपर्यंत 8 मिलिमीटरच्या आसपास उघडायला हवी. नाही उघडली तर त्याच आकड्याचा नवा टाका. बसवताना स्प्रिंग इंजिनाकडे, आणि कडेला हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला. हवा तिथूनच निसटते; पिन खाली गेली की झडपेमागे हवा अडकते.

हवा अडकल्याची खूण भरतानाच कळते. मॅन्युअलमध्ये 5 लिटर लिहिलेत आणि साडेतीनच आत गेले, तर उरलेल्या दीड लिटरच्या जागी हवा आहे, नाहीतर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये जुनं पाणी राहिलंय. काटा एकदम उसळतो, हीटर लावला तर थंड हवा येते, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. सेन्सर वाफेत सापडला तर काटा खोटंही बोलतो.

ही हवा काढायची तर इंजिन पूर्ण थंड हवं. गाडीचं तोंड चढाकडे करा, हँडब्रेक ओढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. झाकण उघडं ठेवून कूलंट संथ धारेने भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा. मग गाडी आयडलवर सोडा आणि इंजिन गरम होण्याआधी रेडिएटरचा वरचा पाईप हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन खाली जाते. तेवढं भरून झाकण लावा. पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या. रात्रभर थंड झाल्यावर बाटलीतली पातळी पुन्हा बघा, कारण ती उतरलेली असतेच. एकदा लावलेलं झाकण इंजिन गरम असताना उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.

साध्या पाण्याबद्दल थोडक्यात: बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि ॲल्युमिनियम गंजतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, तसंच ओतणंही चूक, ते उष्णता कमी वाहून नेतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर घ्या. तयार मिश्रण असेल तर त्यात काही घालू नका. आणि झाकण जुनंच असेल तर बदला. 0.9 बारचं झाकण नीट दाब धरतं तेव्हा साधं पाणीसुद्धा 118 अंशांपर्यंत उकळत नाही.

पंख्याकडे वळण्याआधी गाडी कधी तापते ते बघा. सिग्नलला तापते आणि पळताना काटा खाली येतो, तर पंखा. हायवेवर तापते, तर पाण्याचा प्रवाह: चोंदलेला रेडिएटर, आत चेपलेला खालचा पाईप किंवा पंप. रेडिएटर काढला-बसवला की पंख्याचा कनेक्टर लावायचा राहतो, किंवा वायर उलट्या जोडल्या जाऊन पंखा वारा पुढे फेकतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर तो चालू असताना जाळीपुढे कागद धरा. आत ओढला जाऊन चिकटायला हवा. रिले-फ्यूज टाळून डायरेक्ट केलेली वायर वितळते, आणि उलटा पंखा उलटाच राहतो.

हेड पॅकिंग अंदाजाने ठरवू नका. थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, किंवा हवा नीट काढूनही बुडबुडे थांबत नाहीत, तर गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. जळालेल्या पेट्रोलचा वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो. पिवळा पडला तरच हेड उचला, आणि उचललंत की फेसिंगसाठी (पृष्ठभाग घासून सपाट करण्यासाठी) तपासायला द्या. वाकलेल्या हेडखाली नवं पॅकिंगही टिकत नाही.