थडग्यातली घंटा आणि छपरावरची मांजरं

‘इंग्रजी वाक्प्रचार पाठ करू नका, त्यांच्या जन्मकथा वाचा, अर्थ आपोआप कळेल,’ असं सांगणारे मजकूर सतत फॉरवर्ड होत असतात. त्यातल्या बऱ्याच कथा १९९९ मध्ये ई-मेलमधून पसरलेल्या, सोळाव्या शतकातल्या इंग्लंडविषयीच्या एका इंग्रजी मजकुरातल्या आहेत. कथा चटकदार, पण बनावट.

‘सेव्ह्ड बाय द बेल’ घ्या. म्हणे, कुणी चुकून जिवंत पुरला जाऊ नये म्हणून प्रेताच्या हाताला दोरी बांधत, तिचं टोक वरच्या घंटेला. अशा शवपेट्यांची पेटंटं एकोणिसाव्या शतकात खरोखरच घेतली गेली. थापेला जोर येतो तो तिथून. वाक्प्रचार मात्र मुष्टियुद्धातला, त्याच शतकाच्या अखेरीचा. मार खाऊन डळमळलेला खेळाडू फेरी संपल्याच्या घंटेमुळे वाचतो. शिक्षक नेमका आपल्यालाच प्रश्न विचारणार, तोच तास संपला, तर हेच म्हणतात.

गवती छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडत, म्हणून ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’! भर पावसात कुत्रं आडोसा सोडून छपरावर कशाला बसेल? आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये हा वाक्प्रयोग छापला, त्याआधीच्या शतकातही त्याचे भाऊबंद सापडतात. उगमाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. अर्थ मुसळधार पाऊस, बस्स.

अंघोळीच्या पाण्याबरोबर बाळही फेकण्याची म्हण तर मुळात जर्मन. थॉमस मुर्नरच्या १५१२ च्या पुस्तकात ती आहे. इंग्रजीत आली एकोणिसाव्या शतकात. मजकूर सांगतो, घरातले सगळे एकाच पाण्यात अंघोळ करत, शेवटी बाळ, आणि तोवर पाणी इतकं काळं की बाळ दिसेना. म्हणीचा रोख वेगळाच आहे: योजनेत एक दोष निघाला म्हणून अख्खी योजना रद्द करणं.

‘खोटी का असेना, कथेमुळे लक्षात तर राहतं!’ या युक्तिवादाला ‘डेड रिंगर’ पुरेसा आहे. मजकुरात तोही थडग्यातून घंटा वाजवणारा. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या शर्यतींत एका घोड्याच्या नावावर त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा घोडा लबाडीने पळवत, तो ‘रिंगर’. आणि इथे ‘डेड’ म्हणजे तंतोतंत. मुलगा मामाचा ‘डेड रिंगर’ आहे, म्हणजे हुबेहूब मामासारखा दिसतो. थडग्याची कथा घोकलेला वाचक मात्र मामीचं सांत्वन करायला निघेल.