वजन किती दगड?

इंग्लंडमधलं आमचं शेफील्ड रोमसारखं सात टेकड्यांवर वसलंय, असं इथले लोक अभिमानानं सांगतात. रोमला म्हणे सगळे रस्ते येऊन मिळतात. आमच्या वॉकली भागातले सगळे रस्ते नुसते वर जातात. पुण्यात असताना मी पर्वतीच्या 103 पायऱ्या रोज चढायचे, तेही गप्पा मारत. आता कोपऱ्यावरून दूध आणायचं तर दर तीन घरांमागे थांबावं लागतं. उगाच उभं राहिलेलं बरं दिसत नाही म्हणून मी कुणाच्या तरी बागेतल्या गुलाबांचं कौतुक करते. गल्लीत माझी ख्याती आहे, बाईंना फुलांची फार आवड!

शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आता मोबिलिटी स्कूटर घेऊनच टाक." म्हणजे चालणं जड जातं त्यांच्यासाठीची, बॅटरीवरची बसायची गाडी. मी लूना चालवलेली बाई. चढावर दमली तर पेडल मारायची सोय होती तिला. हिला तेही नाही. पण लायसन्स लागत नाही म्हटल्यावर मी जरा विरघळले.

आमचे हे निवृत्त इंजिनिअर. घरात बारा वर्षांनी काहीतरी मोजायला मिळालं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, स्कूटर आठ अंशांचा चढ चढते. कोपऱ्यावरच्या पाटीवर लिहिलंय, चढ 17 टक्के. मुलगा म्हणाला, "साधारण निम्म्यानं जमेल." मग ह्यांनी कॅल्क्युलेटर काढला. आठ अंश म्हणजे 14 टक्के, आणि 17 टक्के म्हणजे साडेनऊ अंश. थोडक्यात, ही स्कूटर मला गुलाबांपर्यंत नेणार आणि सोडून देणार. ह्यांनी वर ऐकवलं, की 2014 साली टूर द फ्रान्सचे सायकलवाले आपल्याच गावातल्या जेन्किन रोडनं गेले, तिथे चढ 33 टक्के आहे. मला काय त्याचं? त्यांचे गुडघे पंचविशीतले.

तरी विक्रेता घरी आला. चांगला मुलगा होता, चहा घेतला, चिवडा घेतला, आणि दोघांच्या देखत विचारलं, "तुमचं वजन किती स्टोन?" म्हणजे दगड. इथे माणसं अजून दगडांत मोजतात आणि एक दगड म्हणजे सहा किलोंच्या वर. या मापाचा एक फायदा आहे, वरचं खाली टाकलं तरी खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, "अकरा." ह्यांनी छताकडे पाहिलं. लग्नाला 46 वर्षं झाल्यावर कुठे पाहायचं ते कळतं माणसाला.

स्कूटर छोटी होती, तीन चाकांची, सुटी करून डिकीत मावणारी. हँडलवर वेगाचं बटण, एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. अंगठ्याजवळचा खटका दाबला की पुढे, सोडला की आपोआप ब्रेक. पायाला कामच नाही. समोरच्या टोपलीत मी दहा किलोंची आट्याची पिशवी ठेवायला लावली. रिकाम्या हातानं बाजारातून कोण येतं?

निघाले. पहिलं घर, दुसरं घर, लूनाची आठवण. तिसऱ्या घरापाशी गाडी कण्हली आणि थांबली. मोटार तापली की स्वतःच बंद होते, विक्रेता मागून धावत सांगत होता. तेवढ्यात आमचे हे मदतीला धावले. मागे एक दांडा होता, तो त्यांनी ओढला. तो असतो गाडी ढकलता यावी म्हणून. ओढला की चाकं मोटारीपासून सुटतात, आणि त्यांच्याबरोबर ब्रेकही. हे ज्ञान आम्हांला पाठीमागे जाता जाता मिळालं. दोन हात गेले असू. विक्रेत्यानं एका बाजूनं धरलं, मुलानं दुसऱ्या, आणि मी आट्याची पिशवी घट्ट धरली, का ते विचारू नका. बागेतून म्हातारी बाहेर आली नि म्हणाली, "आज पिवळे फुललेत बघ!"

मी पिवळे गुलाब बघितले. मग विक्रेत्याकडे वळून हळूच म्हटलं, "साडेबारा."

त्यानं काहीही न बोलता दुसरं माहितीपत्रक काढलं. चार चाकांची, मोठ्या बॅटऱ्यांची, मागे गाडी उलटू नये म्हणून दोन चिमुकली चाकं. रस्त्यावर ताशी आठ मैल, फुटपाथवर चार. बॅटरी किती मैल जाते ते सपाटीवर मोजलेलं असतं, हेही त्यानं आता प्रामाणिकपणे सांगितलं. चढावर जाताना पुढे वाका म्हणाला, आणि उतारावर आडवं वळू नका. दीर्घ आजार असेल तर व्हॅट माफ होतो, नुसतं म्हातारं असून चालत नाही. संधिवाताबद्दल मी त्या फॉर्मवर मनापासून लिहिलं. इतका उपयोग त्याचा पहिल्यांदाच झाला.

काल दूध आणायला गेले. हे सोबत चालत होते, कठडा धरून. पिवळ्या गुलाबांपाशी थांबले आणि धापा टाकत ओरडले, "अगं, कासव! कासवावर घे!"

मी टोपलीतलं दूध सारखं केलं आणि बटण सशाकडे फिरवलं.