पद्मिनीचं इंजिन एवढंही वाईट नव्हतं

या लेखात प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीच्या इंजिनला 'कमकुवत आणि सतत तापणारं' म्हटलंय. अर्धंच पटलं.

१०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. मूळ फियाट ११०० चं डिझाइन, पुशरॉडवर, म्हणजे लांब दांड्यांवर, चालणारे व्हॉल्व्ह, एकच कार्बोरेटर. ताकद जेमतेम ४० बीएचपीच्या आसपास, त्यामुळे चार माणसं नि टपावर सामान घेऊन बोरघाट चढायचा म्हणजे दुसरा गिअर आणि संयम. पण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हेच इंजिन वर्षानुवर्षं दिवस-रात्र राबलं, ते काय उगीच?

तापण्याचं म्हणाल तर बहुतेक वेळा दोष देखभालीचा. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतत राहिलं की आत क्षार धरतो, त्यात ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) कास्ट आयर्नचा नि हेड (त्यावरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. जरा जास्त तापलं की हेड वाकतं, दोन्हींमधलं गॅस्केट जातं नि पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला दुधाळ, चहासारखं ऑइल दिसलं की समजायचं, खर्च आला! उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडकायचा, ते मात्र खरं. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून बसलेला टॅक्सीवाला आमच्या पिढीने रस्तोरस्ती पाहिलाय.

आणि लेखकाने तुलना मारुती ८०० शी केलीय, ती जरा अन्यायाची वाटते. ते इंजिन ऐंशीच्या दशकातलं, हे त्याच्या कितीतरी आधीचं. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हमधली फट), ठिणगीचे पॉइंट, प्लग वेळच्या वेळी बघणाऱ्याला या गाडीने फारसं रडवलं नाही. न बघणाऱ्याला रडवलं, भरपूर.