डी लिऑन, डेब्ज आणि हाकलाहाकलीची थाप

भाचीने काल एक फॉरवर्ड पाठवला, खाली प्रश्न: "मावशी, परीक्षेत असंच लिहू का?" नको लिहूस, बाई. फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेतला पहिला समाजवादी पक्ष डॅनियल डी लिऑनने काढला आणि तोच त्याचा अध्यक्ष झाला. त्याने यूजीन डेब्जला हाकललं. डेब्जने स्वतःचा पक्ष काढून त्यातून आधी बिल हेवूड या जहाल कामगार पुढाऱ्याला आणि १९१९ साली कम्युनिस्टांना हाकललं. तात्पर्य, दोन अहंकारी माणसांनी चळवळ बुडवली. वर फोडणी म्हणून हेही, की डी लिऑन कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा प्राध्यापक होता.

फोडणीपासूनच सुरुवात करू. डी लिऑन कोलंबियात शिकवत होता हे खरं, पण १८८३ ते १८८९ या काळात. त्याने तिथलं काम सोडलं तेव्हा बाबासाहेबांचा जन्मही झालेला नव्हता. ते न्यूयॉर्कला पोचले १९१३ च्या जुलैमध्ये आणि डी लिऑन वारला मे १९१४ मध्ये. म्हणजे दहाएक महिने दोघे एकाच शहरात होते. एवढ्यावर गुरु-शिष्याचं नातं जुळत असेल तर त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये राहणारा प्रत्येक माणूस त्यांचा गुरू.

पक्ष 'काढला' हेही चूक. पक्ष स्थापन झाला १८७६ साली फिलाडेल्फियात, पुढच्या वर्षी त्याचं नाव सोशलिस्ट लेबर पार्टी झालं. सभासद बहुतांशी जर्मन स्थलांतरित. डी लिऑन त्यात आला १८९० मध्ये, चौदा वर्षांनी. अध्यक्ष वगैरे तर तो कधीच नव्हता. राष्ट्रीय सचिव होता हेन्री कून. डी लिऑन 'द पीपल' या पक्षाच्या इंग्रजी साप्ताहिकाचा संपादक होता, आणि त्याची सगळी ताकद त्या खुर्चीत होती.

आता डी लिऑनच्या पक्षातल्या १८९९ च्या फुटीकडे येऊ. फॉरवर्डने ती एका वाक्यात उरकली आहे, तीही चुकीची. डेब्ज त्या पक्षात कधी नव्हताच, मग त्याला हाकलणार कुठून? तो रेल्वे कामगारांचा पुढारी. १८९४ च्या पुलमन संपानंतर तुरुंगात गेला, १८९७ मध्ये त्याने स्वतःला समाजवादी म्हणवून घेतलं आणि पुढच्या वर्षी सोशल डेमोक्रॅटिक पार्टी उभी केली. १८९९ मध्ये डी लिऑनच्या विरोधात उठले ते मॉरिस हिलक्विट, हेन्री स्लोबोडिन आणि 'न्यूयॉर्कर फोल्क्सत्सायटुंग' या जर्मन दैनिकाभोवतीची मंडळी.

भांडण कामगार संघटनांवरून होतं. १८९५ मध्ये डी लिऑन गटाने जुन्या संघटनांना समांतर अशी नवी संघटना काढली. जुन्यांच्या पुढाऱ्यांना तो 'लेबर फेकर' म्हणायचा, म्हणजे कामगारांच्या नावावर दुकान मांडणारे. ज्यांची सगळी हयात जुन्या संघटनांत गेली होती त्यांना हे झोंबलं. पुढे वाद कामगार कर भरतो की नाही यावर घसरला. डी लिऑन म्हणे, कर मालकाच्या नफ्यातून जातो. दैनिक म्हणे, वस्तूंच्या किमतीतून तो कामगारच भरतो. यावर स्तंभच्या स्तंभ खर्ची पडले.

खरी मेख पक्षाच्या घटनेत आहे, ती वाचल्याशिवाय या भांडणाचा अर्थच लागत नाही. राष्ट्रीय कार्यकारिणी देशभरातून निवडली जात नव्हती. अधिवेशन फक्त 'मुक्कामाचं शहर' ठरवायचं आणि त्या शहराची शाखा कार्यकारिणी निवडायची. शहर होतं न्यूयॉर्क. म्हणजे न्यूयॉर्क शाखेचं बहुमत हाती आलं की अख्खा पक्ष हाती. १८८९ मध्ये दैनिकाच्या बाजूच्या लोकांनी हेच करून सचिव रोझेनबर्गची कार्यकारिणी उलथवली होती, तेव्हा डी लिऑन पक्षातही नव्हता. दहा वर्षांनी, १० जुलै १८९९ च्या रात्री, तोच डाव पुन्हा टाकला गेला. विरोधकांनी शाखेची सभा घेऊन कूनला बडतर्फ केलं, स्लोबोडिनला सचिव नेमलं आणि १८४ विल्यम स्ट्रीटवरचं कार्यालय ताब्यात घ्यायला निघाले. तिथे झटापट झाली, पोलीस आले. इमारत दैनिकाची, त्यातलं कार्यालय पक्षाचं, त्यामुळे मालक कोण हेच कुणाला सांगता येईना. पुढे काही महिने 'द पीपल' नावाची दोन साप्ताहिकं निघत होती आणि दोन्ही पक्षाचं मुखपत्र असल्याचा दावा करत होती.

१८८९ ला चाललेला डाव १८९९ ला का फसला? माझ्या मते मतपत्रिकेमुळे. आधी पक्ष आपापल्या मतपत्रिका स्वतः छापत. १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात त्या सरकार छापू लागलं, तेव्हा पक्षाचं नाव आणि हातोडा धरलेल्या हाताचं चिन्ह ही कोर्टात भांडण्याजोगी मालमत्ता झाली. कोर्टाने ती डी लिऑन गटाला दिली. विरोधकांकडे माणसं होती पण नाव नव्हतं, म्हणून ते डेब्जकडे वळले आणि १९०१ मध्ये इंडियानापोलिसला दोघांचा मिळून सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिका हा पक्ष झाला. (पक्ष, चिन्ह आणि कोर्ट हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.)

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. डी लिऑनची जीभ जहरी होती, आणि १९०० च्या अधिवेशनात जुन्या संघटनांत पद घेण्यावर सभासदांना बंदी घातली गेली, त्याने पक्ष आणखी आकसला. अहंकाराचा भाग नव्हता असं कोण म्हणेल?

हेवूडचं थोडक्यात. त्याला पक्षातून काढलं नव्हतं, राष्ट्रीय कार्यकारिणीवरून परत बोलावलं. तेही १९१३ च्या सुरुवातीला, सभासदांचं मतदान घेऊन, सुमारे २२ हजार विरुद्ध ११ हजार मतांनी. कारण काय, तर १९१२ मध्ये पक्षाच्या घटनेत आलेलं घातपाताच्या प्रचाराविरुद्धचं कलम, जे हेवूडने मोडल्याचा आरोप होता.

आणि १९१९ मध्ये डेब्जने कम्युनिस्टांना हाकललं? युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा होऊन तो एप्रिलपासून मौंड्सविलच्या तुरुंगात होता, जूनमध्ये अटलांटाला हलवला. हाकलण्याचं काम मे महिन्यात शिकागोत मावळत्या कार्यकारिणीने केलं. नव्या कार्यकारिणीच्या निवडणुकीत डाव्या गटाने, म्हणजे पुढे कम्युनिस्ट झालेल्या मंडळींनी, बहुतेक जागा जिंकल्या होत्या. जुन्यांनी गैरप्रकाराचं कारण देत निकालच रद्द केला, रशियनांसह सात भाषिक महासंघ (म्हणजे एकेका भाषेच्या स्थलांतरितांचे पक्षातले गट) निलंबित केले आणि अख्खी मिशिगन शाखा काढून टाकली. सभासदत्व महिन्याच्या वर्गणीच्या तिकिटांवर मोजलं जाई आणि महासंघ आपली माणसं एकगठ्ठा आणत, त्यामुळे महासंघ गेला की हजारो सभासद एका ठरावाने गेले. १९१९ ची सरासरी सुमारे १ लाख ४ हजार होती, १९२० ची २७ हजारांच्याही आत.

त्यात १९१७ पासून टपाल खात्याने पक्षाच्या वृत्तपत्रांची स्वस्त टपालाची सवलत काढून घेतली होती. खेड्यापाड्यातल्या शाखा टपालाने येणाऱ्या अंकावरच जगत होत्या. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखही नाही, कारण सरकारचा हात दाखवला तर अहंकाराची गोष्ट रंगत नाही.

त्या मोडक्या पक्षाने १९२० मध्ये कैदी क्रमांक ९६५३ ला अध्यक्षपदासाठी उभं केलं. प्रचाराला कोठडीबाहेर न पडता डेब्जला ९ लाखांहून जास्त मतं पडली.